मारुती कांबळे ‘सिंहासन’मध्ये नाही

मे महिन्यातलं लग्न. पहिली पंगत उठायची होती, म्हणून आम्ही मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो होतो. विषय अर्थातच राजकारण. आप्पामामा एकदम म्हणाले, “हे सगळं ‘सिंहासन’मध्ये दाखवलंय रे. तो निळू फुले शेवटपर्यंत विचारत राहतो बघ, मारुती कांबळेचं काय झालं?” आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, “मामा, तो ‘सामना’. आणि विचारतात ते डॉक्टर लागू. निळूभाऊ उत्तर टाळतात.” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पंगत बसायच्या आधीच विडा मागितलाय.

मामांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. हा घोटाळा मी चांगल्या वाचणाऱ्या-बघणाऱ्या माणसांकडून ऐकलाय, भाषणांत ऐकलाय. तो होण्यासारखाच आहे म्हणा. दोन्ही सिनेमे जब्बार पटेलांचे. दोन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या. दोन्हींत श्रीराम लागू, दोन्हींत निळू फुले, दोन्ही कृष्णधवल, आणि दोन्हींत पांढऱ्या कपड्यातली माणसं हळू आवाजात भयंकर बोलतात. ‘सामना’च्या पुढे कुठे १९७४ लिहिलेलं दिसतं, कुठे १९७५. ‘सिंहासन’ १९७९चा. मधल्या काळात जब्बारांनी ‘जैत रे जैत’ केला, पण त्यात डोंगर आहे, ठाकर आहेत आणि मधमाश्या आहेत, त्यामुळे त्याची गल्लत कुणी करत नाही. काहींच्या डोक्यात मात्र आणखी एक पदर असतो. ‘पिंजरा’मधले गुरुजी आणि ‘सामना’मधला मास्तर त्यांनी एकच करून टाकलेले असतात. लागूही तेच, निळूभाऊही तेच! पण ‘पिंजरा’ १९७२चा, शांतारामबापूंचा, रंगीत. तिथला गुरुजी तमाशातल्या बाईपायी खाली घसरतो. ‘सामना’मधला मास्तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच घसरून बसलेला आहे.

तर ‘सामना’. एका फाटक्या, दारूत बुडालेल्या म्हाताऱ्याला हिंदुराव धोंडे पाटील आपल्या आसऱ्याला ठेवून घेतो. हिंदुराव म्हणजे साखर कारखाना, हिंदुराव म्हणजे गाव. म्हातारा स्वतःबद्दल धड काही सांगत नाही, पण एके काळी हा माणूस कशासाठी तरी उभा राहिलेला होता हे लपत नाही. त्याच्या कानावर एक नाव पडतं, फौजेतून परत आलेल्या मारुती कांबळेचं. माणूस गावात नाही, आणि तो कुठे गेला हे कुणी सांगत नाही. मास्तर विचारायला लागतो. बस्स, एवढाच सिनेमा. एक प्रश्न, आणि तो टाळणारं अख्खं गाव. हा मारुती म्हणजे मोहन आगाशे. (दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, मास्तर कान-नाक-घशाचे सर्जन, मारुती मानसोपचारतज्ज्ञ. एका सिनेमात तीन डॉक्टर, आणि पैसे उभे करणारे रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक. मराठीत असे योग जुळतात कधी कधी.)

या सिनेमात हिंदुराव फार आरडाओरडा करत नाही, तरी सगळे गप्प का, हे मला खरं तर आप्पामामांकडूनच कळलं होतं. मामा एका सहकारी कारखान्यात चिटबॉय होते, म्हणजे सायकलवर शेतं फिरून उसाच्या नोंदी घेणारा आणि तोडीची चिठ्ठी देणारा माणूस. त्यांनी मला लहानपणी समजावलं होतं, ते आठवतं तसं सांगतो. ऊस तयार झाला की त्याला तोड लागते. तोड कधी मिळणार हे शेतकऱ्याच्या हातात नाही, कारखान्याच्या शेतकी ऑफिसच्या हातात. चिठ्ठी वेळेवर आली तर वजन भरतं. महिना-दोन महिने लांबली तर उसाला तुरा येतो, तो आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. उन्हाळा लागला की तोडणारी टोळी जादा पैसे मागते. त्याच शेतात पुढचं पीक घ्यायचं असेल तर तेही खोळंबतं. आणि कापलेला ऊस घरी ठेवायची सोय नाही, तो लगेच कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला पाहिजे. “मारायची गरजच नसते,” मामा म्हणाले होते. “चिठ्ठी येत नाही, एवढंच.”

प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, तो सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला. १९५०–५१ला पहिलं गाळप झालं. पुढच्या पंचवीस वर्षांत गावोगाव चिमण्या उभ्या राहिल्या, त्यांनी खरोखरच शाळा, रस्ते, दवाखाने आणले, आणि त्याच चिमण्यांच्या सावलीत हिंदुरावही वाढले. तेंडुलकरांनी ही दोन्ही अंगं ठेवली आहेत. हिंदुराव आपला पसारा मास्तरला दाखवतो तेव्हा त्याचा अभिमान खोटा वाटत नाही. माणसानं माळावर काहीतरी उभं केलंय. म्हणूनच तो भीतिदायक आहे. नुसता गुंड असता तर मास्तर त्याच्यासोबत प्यायला बसलाच नसता.

आता ‘सिंहासन’. इथे ऊस नाही, चिठ्ठी नाही, आणि मुख्य म्हणजे मारुती कांबळेही नाही. मुंबईत मुख्यमंत्री जिवाजीरावांना एक निनावी फोन येतो, तुमची खुर्ची जाणार आहे म्हणून. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे माणसं जमवतोय. कामगार पुढारी डिकास्टा संपाची भाषा करतोय. आणि या सगळ्यांच्या मधून दिगू टिपणीस नावाचा पत्रकार फिरतोय. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा मिळून हा सिनेमा. कोण कुणाकडे गेलं, कोण किती आमदार घेऊन गेलं, याचीच बेरीज-वजाबाकी.

आजच्या प्रेक्षकानं बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पक्षांतरबंदीचा कायदा आला १९८५मध्ये. ‘सिंहासन’च्या जगात एकटादुकटा आमदारसुद्धा सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे जाऊ शकतो, त्याची आमदारकी शाबूत राहते. म्हणून मुख्यमंत्र्यांना एकेका माणसाचा हिशेब ठेवावा लागतो. नंतर गटच्या गट उचलून न्यायची पद्धत आली तेव्हा लोक म्हणाले, ‘सिंहासन’ खरा ठरला. मला वाटतं तो त्याच्या काळातच खरा होता.

‘सामना’ बनत होता तेव्हा वसंतराव नाईकांना मुख्यमंत्री होऊन दहा वर्षं उलटून गेली होती. १९६३च्या डिसेंबरपासून १९७५च्या फेब्रुवारीपर्यंत एकच माणूस. मुंबईतली खुर्ची हलत नव्हती, त्यामुळे सत्ता बघायची तर ती गावात बघायची, कारखान्याच्या गेटवर. मग नाईक गेले, शंकरराव चव्हाण आले, १९७७ला वसंतदादा, आणि १९७८च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार. साडेतीन वर्षांत चार मुख्यमंत्री! अशा वेळी नजर आपोआप वर गेली, खुर्चीकडे. साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या १९७८च्या या पाडापाडीच्या आधीच्या आहेत, हे विसरू नये. आणि गंमत अशी, की सत्तेच्या पाडापाडीवरच्या या सिनेमाला मंत्रालयाच्या खऱ्या इमारतीत चित्रीकरणाची परवानगी मिळाली, ती पवारांच्याच काळात.

दोन तारखांचा योग मला नेहमी अस्वस्थ करतो. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. महोत्सव सुरू झाला २७ जून १९७५ला. त्याच्या दोनच दिवस आधी, २५ जूनच्या रात्री, इथे आणीबाणी लागली होती. म्हणजे तिकडे पडद्यावर एक म्हातारा प्रश्न विचारत होता आणि इकडे प्रश्न विचारणारे तुरुंगात जात होते. ‘सिंहासन’ आला तोवर आणीबाणी येऊन गेली होती, तिच्या विरोधाच्या जोरावर सत्तेत आलेली नवी माणसंही आपसात भांडून झाली होती.

म्हणून दोन्हींचा गळाच वेगळा आहे. ‘सामना’मध्ये उत्तर आहे, फक्त ते पुरलेलं आहे. कुणीतरी पुरेसा वेळ खणत राहिलं तर हाताला लागेल, असा त्या सिनेमाला विश्वास आहे, आणि ते लागतंही. ‘सिंहासन’मध्ये पुरलेलं काही नाही. सगळं सगळ्यांना माहीत आहे, दिगूला तर सगळ्यात जास्त. त्याला विचारायला प्रश्नच उरलेला नाही. मास्तरकडे काहीच माहिती नसते आणि तो गाव हलवतो. दिगूकडे सगळी माहिती असते आणि त्याच्यानं पान हलत नाही. शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसणं येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि इथे निळू फुल्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ‘बाई, वाड्यावर या’ म्हणून त्यांची नक्कल करणाऱ्यांनी या माणसाचं केवढं नुकसान केलंय! त्यांचा हिंदुराव बघा. गावंढळ खलनायक करायचा तर सोपं होतं, तोंडात तंबाखू आणि डोळ्यांत लाली. ते तसं करत नाहीत. त्यांचा हिंदुराव आदबीनं बोलतो, मास्तरला मान देतो, आणि त्या खरखरीत आवाजात लाडीगोडी लावतो तेव्हा पाठीतून कळ जाते. मास्तरबद्दल त्याला खरंच माया आहे, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. त्याला हा म्हातारा आवडतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला न घाबरता बोलतंय.

चार-पाच वर्षांनी तोच माणूस दिगू टिपणीस होतो आणि आवाजातला सगळा अधिकार काढून टाकतो. तोच घसा, पण आता तो फक्त ऐकण्यासाठी आहे. दालनात उभा असतो तेव्हा भिंतीला लागून, कुणाच्या वाटेत येऊ नये असा. मी एकदा दोन्ही सिनेमे एका दिवसात पाठोपाठ बघितले. दुपारनंतर निळूभाऊ खोलीत आले की मी उगाच सावरून बसत होतो, आणि खोलीतली बाकीची माणसं मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. ही अदलाबदल ज्याला सुचली त्याला सलाम. लागूंचंही तेच झालंय, उलट्या दिशेनं. दारुड्या मास्तरचे दाभाडे झाले. पण ते मला कमी थक्क करतं. लागू सत्तेच्या जागी बसलेले सहज पटतात. निळूभाऊ गप्प बसलेले पटायला वेळ लागतो, आणि पटले की सुटत नाहीत.

मुख्यमंत्र्याच्या कामासाठी अरुण सरनाईकांना घेणं हा आणखी एक धाडसी डाव. ‘एक गाव बारा भानगडी’चा हा देखणा नायक, गाता गळा, ‘पप्पा सांगा कुणाचे’ म्हणणारा. त्यांचा जिवाजीराव थकलेला, सावध आणि शेवटी सगळ्यांपेक्षा धूर्त. खुर्ची त्यांच्याकडेच राहते.

माझी तक्रार ‘सिंहासन’बद्दलच जास्त आहे. दोन कादंबऱ्या एका सिनेमात कोंबल्यानं माणसं येतात आणि जातात. रीमा लागू, नाना पाटेकर अशी दणकट मंडळी वाटेत भेटतात आणि आपण त्यांना धड ओळखतोय तोवर दृश्य संपतं. ‘सामना’त तेंडुलकरांनी एकच खिळा घेतलाय आणि तोच ठोकत राहिलेत. पण बायकांच्या बाबतीत ‘सामना’चाही हात आखडताच. स्मिता पाटीलच्या वाट्याला जे आलंय ते बघून हळहळ वाटते.

गाण्यांवरूनही दोन्ही ओळखता येतात, हे आपलं जाता जाता. ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ आलं की ‘सामना’. शब्द आरती प्रभूंचे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. ‘उषःकाल होता होता’ आलं की ‘सिंहासन’, सुरेश भट आणि हृदयनाथ मंगेशकर, आवाज आशाबाईंचा. दुसरं गाणं आज मोर्चात वाजतं. पहिलं कुणी मोर्चात वाजवत नाही, ते घरी एकट्यानं ऐकायचं.

लग्नानंतर महिनाभरानं मामांचा फोन आला. नातीनं मोबाइलवर दोन्ही लावून दिले होते. ‘सिंहासन’च्या मध्यावर त्यांचा डोळा लागला, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ‘सामना’ मात्र सलग पाहिला.

“तुझं बरोबर होतं,” म्हणाले. “विचारतो तो मास्तरच.” मग जरा थांबून, “पण आमच्यात विचारणारा कुणी आलाच नाही रे. चिठ्ठ्या मीच वाटत होतो.”

मी विषय बदलून पावसाचं विचारलं.