काडतुसावरचे डाग: जुन्या दारूगोळ्याच्या पारखीची पार्श्वभूमी

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्या घरांत वेगळं शिकवावं लागत नाही. जुन्या काडतुसावर हिरवट थर दिसला की मनात पाल चुकचुकते ती त्याच अनुभवामुळे. ती शंका रास्त आहे. मात्र काडतुसावरचा प्रत्येक डाग वाईट नसतो, आणि हे कळायला फार किंमत मोजावी लागली आहे.

सुरुवात आपल्याच देशातली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजा पावसाळ्यात मोहिमा आवरत्या घेत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवत. उघडीप झाल्यावर पाहावं तर कित्येक पितळी काडतुसं तडकलेली, तीही बहुधा मानेशी, जिथे गोळी आवळून बसवलेली असते. या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ (ऋतूत पडणारी तडक) असं नाव पडलं, पण उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ न तापवता ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू चिरतो.

यावरचा उपाय तांबटाला सांगायला नको. ठोकून कडक झालेलं भांडं तो पुन्हा भट्टीत घालतो. काडतुसाची मानही तशीच शेकून मऊ करतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो या शेकाचा. नवखा माणूस नेमकं तेच काडतूस जळकं म्हणून बाजूला टाकतो! सगळ्या अंगावर चढलेला मंद तपकिरी रंगही नुसत्या हवेचा असतो. हिरवा कळंक, त्याखाली पडलेले खड्डे, मानेवरची केसाएवढी चीर, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र ते काडतूस बंदुकीत घालूच नये. अमोनिया असलेल्या पॉलिशने ते चकचकीत करणं तर त्याहून घातक.

हे झालं बाहेरून दिसणारं. आता आतल्या दारूचं पाहू. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार केली. ही नायट्रोसेल्युलोजची (कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून केलेली) दारू उष्णतेत आपोआप विघटित होत जाते, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढचं विघटन वाढवतात. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका अशाच दारूमुळे फुटल्या, शेकडो माणसं गेली. पुढे दारूत डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालण्याची पद्धत रूढ झाली. हे स्थिरक सुटणारे ऑक्साइड शोषून घेतं, पण वर्षानुवर्षं स्वतः खर्ची पडत जातं. ते संपत आल्याचं बाहेरच्या पितळेवरून कळेलच असं नाही. काडतूस उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली, तर दारू खराब झाली म्हणून समजावं.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी त्यात गेले. त्यानंतर रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत असल्याची बाब चर्चेत आली. आतला बिघाड बाहेरून दिसतोच असं नाही, म्हणूनच सैन्यात एकेक काडतूस डोळ्यांनी पाहून निकाल देत नाहीत. लॉटनुसार, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या गटानुसार, नमुने काढून स्थिरक किती उरलं आहे ते प्रयोगशाळेत मोजतात. घरच्या परवान्याच्या बंदुकीसोबत वडिलांच्या वेळची पेटी सापडली, तर आपल्याकडे ना लॉटचा इतिहास असतो, ना प्रयोगशाळा. ती पेटी परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्यावी.