‘माझी परवानगी नाही’ या घोषणेने माहिती सुरक्षित होते का?

“उद्यापासून फेसबुकसारखी समाजमाध्यम कंपनी तुमची छायाचित्रे वापरणार, ‘माझी परवानगी नाही’ असे आपल्या पानावर लिहा, म्हणजे कायदेशीर संरक्षण मिळेल,” हा संदेश नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो.

त्यामागची काळजी रास्त आहे, उपाय मात्र निरुपयोगी आहे. खाते उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो तो करार असतो आणि एका पक्षाने नंतर केलेल्या एकतर्फी घोषणेने तो बदलत नाही. संदेशात पुष्कळदा ‘रोम करारा’चा दाखला असतो; १९९८ चा हा करार इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो, आणि त्याचा विषय नरसंहार व युद्धगुन्हे हा आहे. (भारताने त्यावर सहीही केलेली नाही.)

अटींवर घासाघीस करण्याची सोय एकट्या ग्राहकाला नसते, म्हणूनच हे नियमन सरकारनेच करायला हवे, असे मला वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, अशी तरतूद आहे. ॲपला कॅमेरा, संपर्कयादी आणि ठिकाण यांपैकी कशाची परवानगी दिली आहे, हे फोनच्या सेटिंगमध्ये पाहता येते आणि तिथेच ती काढूनही घेता येते.