सीटी व्हॅल्यू, सीटी स्कोअर आणि कॅन्सरचा पेशंट

2021 च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडे कोरोना परत उसळला तेव्हा गावात जो तो एकच विचारून राहिला होता, "सीटी किती आली?" आणि घोळ इथंच झाला, कारण सीटी दोन होत्या. एक छातीच्या स्कॅनचा स्कोअर, 25 पैकी, जितका कमी तितका बरा. दुसरी आरटीपीसीआरची, म्हणजे नाका-घशाच्या स्वॅबच्या टेस्टची, सीटी व्हॅल्यू, म्हणजे मशीनला विषाणू सापडायला किती फेऱ्या लागल्या ते. ही कमी आली तर वाईट, विषाणू भरपूर असला की लवकर सापडतो न. आमच्या मामांना खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीपायी) तोंडाचा कॅन्सर, किमो चालू, व्हॅल्यू आली 14. घरच्यांनी वाचलं 25 पैकी 14, म्हणजे मध्यम, आणि दोन दिवस घरीच ठेवलं.

तसं कॅन्सर आणि इन्फेक्शनचं नातं जुनंच. पांढऱ्या पेशी जितक्या कमी तितका धोका जास्त, हे ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटमधे 1966 लाच मोजलं गेलं होतं. व्हायरल लोड, म्हणजे अंगात विषाणू किती ते, मोजणं एचआयव्हीमुळे 90 च्या दशकात रुळलं. कोरोनात 2020 मधे न्यूयॉर्कच्या दवाखान्यांत भरती पेशंटची व्हॅल्यू पाहिली, तर कॅन्सरवाल्यांत 25 च्या खाली असलेले शंभरात 45 गेले, 30 च्या वर असलेले 12. रक्ताच्या कॅन्सरमधे लोड आणखीच जास्त निघाला.

आणि एवढं समोर असताना एप्रिल 2021 मधे आपल्या राज्यानं दिल्लीच्या आयसीएमआरला (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला) विचारलं, पॉझिटिव्हची हद्द 35 वरून 24 वर आणायची का. उत्तर आलं, "नको", संसर्ग पसरवणारे कितीतरी सुटतील. माझ्या मते ते बरोबरच होतं. एक फेरी कमी म्हणजे विषाणू दुप्पट, पण स्वॅब नीट घेतला नाही किंवा डबा उन्हात गाडीवर तालुक्याहून जाता जाता गरम झाला तरी व्हॅल्यू वर चढते, विषाणू कमी असतो असं नाही. किमोवाल्या माणसाला 26 आली म्हणून निगेटिव्ह धरून वॉर्डात इतर पेशंटच्या शेजारच्या खाटेवर टाकलं असतं तर?

उलटी बाजूही आहे, रिपोर्ट फार दिवस पॉझिटिव्ह येत राहण्याची. रक्ताचा कॅन्सर असलेल्या एका बाईच्या अंगात, काहीच लक्षण नसताना, 70 दिवसांपर्यंत जिवंत विषाणू सापडला होता. हे छापून यायच्या आधीच, मे 2020 च्या नियमात सौम्य पेशंटला टेस्ट न करता सुट्टी, पण कॅन्सरवाल्याला रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय नाही. नियम चांगल्यासाठीच होता, पण त्यात व्हॅल्यूला जागाच नव्हती. मामांची किमो 5 आठवडे पुढे गेली, शेवटच्या रिपोर्टच्या वेळी व्हॅल्यू 33, म्हणजे 35 च्या हद्दीजवळच, होती हे लॅबमधे जाऊन विचारलं तेव्हा कळलं, कागदावर नुसतं पॉझिटिव्ह लिहिलेलं.