नजरेची भाषा त्वचेवर

चार माणसे बोलत बसली की त्यांच्यातला बराचसा संवाद शब्दांवाचून होतो. कोणी मान डोलावतो, कोणी डोळ्यांनी खुणावतो, तर एखादा प्रश्न नाव न घेता नुसत्या नजरेने विचारला जातो. आवाजातले चढउतार अंध व्यक्ती बारकाईने टिपते. परंतु ‘तुम्हाला काय वाटते?’ हे आपल्याला विचारले की शेजारच्याला, याचा उलगडा होईपर्यंत दुसराच कोणी उत्तर देऊन मोकळा होतो.

अशा खुणा टिपायला चष्म्यात बसणारा कॅमेरा आणि चेहरे ओळखणारी संगणकप्रणाली आता दुर्मीळ राहिलेली नाही. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे: टिपलेली खूण अंध व्यक्तीपर्यंत पोहोचवायची कोणत्या वाटेने? कानाची वाट सोपी वाटते खरी, पण संभाषणात कान आधीच गुंतलेले असतात आणि यंत्र ‘समोरची व्यक्ती हसत आहे’ असे सांगू लागले, तर ती कशाला हसली तेच ऐकायचे राहून जाते.

म्हणून संशोधक त्वचेकडे वळले. पॉल बाख-इ-रिटा यांनी 1969 साली खुर्चीच्या पाठीत 400 कंपक, म्हणजे थरथरणारी छोटी साधने, बसवून कॅमेऱ्यातले चित्र अंध व्यक्तींच्या पाठीवर उमटवले होते आणि सरावाने त्यांना वस्तू ओळखता येऊ लागल्या होत्या. मात्र बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे जाणवतात, तर पाठीला त्यासाठी सुमारे 4 सेंटीमीटर अंतर लागते. त्वचेला अख्खे चित्र देण्यापेक्षा मोजक्या खुणा देणे शहाणपणाचे, ते यामुळेच. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात सेतुरामन पंचनाथन यांच्या गटाने केलेल्या कंबरपट्ट्यात थरथर कोठे होते यावरून समोरच्या व्यक्तीची दिशा आणि थरथरीच्या लयीवरून तिचे अंतर कळते. याच गटाने 2010 साली बोटांच्या पाठच्या बाजूला 14 कंपक असलेला हातमोजा तयार केला. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस आणि निर्विकारपणा यांसाठी त्यात थरथरीचे वेगवेगळे आकृतिबंध होते.

हातमोज्याची कल्पना देखणी आहे, पण मला पट्टा अधिक विश्वासाचा वाटतो. माणूस कोठे उभा आहे हे मोजता येते. त्याच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावरून ठरवणे मोठे धाडसाचे. कपाळावरच्या आठ्या रागाच्या असतात, तशा एकाग्रतेच्याही असतात. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सुविधा मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये मागे घेतली, त्यामागेही अशीच शंका होती.

त्याच कंपनीच्या संशोधकांनी अंध मुलांसाठी केलेले ‘पीपललेन्स’ हे डोक्यावर घालायचे उपकरण भावनांच्या वाटेला जात नाही. मूल ज्या दिशेला तोंड वळवील तिथल्या ओळखीच्या माणसाचे नाव त्याच दिशेने आल्यासारखे ऐकू येते. कान वापरला आहे, पण एका नावापुरताच. याच्या प्रायोगिक रूपात कपाळावर दिव्यांची एक पट्टी होती. ती जवळच्या माणसाच्या दिशेने पांढरी उजळे आणि त्याची ओळख मुलाला सांगून झाली की हिरवी होई. त्यामुळे आपण दिसलो आहोत हे समोरच्या डोळस माणसालाही समजे, आणि बोलायला सुरुवात कोणी करायची हा अवघडलेपणा दोन्ही बाजूंनी कमी होई.