एक्स्पोजर आणि स्ट्रोब पल्स यांत फरक काय?

मशीन व्हिजनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने वस्तू आपोआप तपासताना, दोन्ही मायक्रोसेकंदांत मोजतात आणि बऱ्याचदा एकाच ट्रिगरवर (सुरू होण्याच्या इशाऱ्यावर) सुरू होतात. म्हणून चित्र फरकटलेलं दिसलं, की हाताला येईल तो आकडा कमी केला जातो. पण एक्स्पोजर म्हणजे सेन्सर किती वेळ प्रकाश गोळा करतो, आणि पल्स म्हणजे स्ट्रोब, म्हणजेच क्षणभर चमकणारा दिवा, किती वेळ पेटतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

समजा, पट्ट्यावरची वस्तू सेकंदाला १ मीटर वेगाने चालली आहे, म्हणजे मायक्रोसेकंदाला १ मायक्रॉन. चित्रातला एक पिक्सेल ०.१ मिलिमीटर जागा टिपतो. एक्स्पोजर १००० मायक्रोसेकंद ठेवलं, तर तेवढ्यात वस्तू १० पिक्सेल सरकते. दिवा सतत चालू असेल तर तिच्यावरची बारीक छपाई वाचायचं विसरा. आता एक्स्पोजर तेवढंच ठेवून दिवा फक्त ५० मायक्रोसेकंद पेटवा. वस्तू अर्धाच पिक्सेल सरकते आणि अक्षरं स्वच्छ उमटतात. हालचाल गोठवली ती पल्सने.

मग एक्स्पोजर हवं तेवढं मोठं ठेवायला काय हरकत? हरकत आहे ती बाहेरच्या उजेडाची. दिवा विझला तरी खिडकीतला, छतावरचा प्रकाश उरलेले ९५० मायक्रोसेकंद आत येतच राहतो आणि वस्तू सरकते त्या बाजूला फिकट शेपूट उमटतं. तपासायची रीत सोपी आहे: स्ट्रोबची वायर काढा आणि त्याच सेटिंगवर फोटो घ्या. तो जवळपास काळाकुट्ट यायला हवा. वस्तू ओळखू येत असेल, तर एक्स्पोजर पल्सपेक्षा थोडंच जास्त राहील इतकं खाली आणा. याउलट, एक्स्पोजर वाढवूनही चित्र उजळत नसेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. पल्स आधीच संपलेली आहे. उजेड वाढवायचा तर पल्स लांबवा किंवा दिव्याचा करंट वाढवा. करंट मात्र दिव्याच्या डेटाशीटच्या मर्यादेतच. छोट्या पल्समध्ये एलईडीला नेहमीपेक्षा जास्त करंट देता येतो खरा, पण दोन पल्समध्ये थंड व्हायला पुरेसा वेळ मिळाला तरच.

हे सगळं ग्लोबल शटरचं झालं, म्हणजे सेन्सरच्या सगळ्या ओळी एकाच वेळी उघडतात आणि मिटतात त्या कॅमेऱ्याचं. रोलिंग शटरमध्ये ओळी एकामागून एक उघडतात आणि खरी गंमत तिथे आहे. पहिली ओळ उघडल्यापासून शेवटची उघडेपर्यंत २० मिलिसेकंद जात असतील आणि एक्स्पोजर ५ मिलिसेकंदांचं असेल, तर सगळ्या ओळी एकत्र उघड्या असण्याचा क्षणच येत नाही. चमक कितीही झगझगीत असो, चित्रात उजेडाचा फक्त एक पट्टा उमटतो. इथे एक्स्पोजर २० मिलिसेकंदांच्या वर न्यावं लागतं, शेवटची ओळ उघडल्यानंतर आणि पहिली मिटण्याआधी पल्स द्यावी लागते आणि बाहेरचा उजेड कडेकोट बंद करावा लागतो. मला विचाराल तर, पळत्या वस्तूसाठी एवढी कसरत करण्यापेक्षा ग्लोबल शटरचा कॅमेरा घेतलेला बरा.

दिव्याचा ट्रिगर शक्यतो कॅमेऱ्याच्याच आउटपुटवरून घ्यावा. कॅमेरा आणि दिवा दोघांना बाहेरच्या सेन्सरवरून स्वतंत्रपणे चालवलं, तर कॅमेऱ्याचा उशीर हिशेबात धरून दिव्यालाही तेवढा डिले द्यावा लागतो. तो चुकला तर पल्स एक्स्पोजरच्या कडेवर पडते. मग एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, आणि लोक लेन्स पुसत बसतात.