हातभर ओल

कोरड्या हवामानात, लावून दोन-तीन महिने झालेल्या झाडाच्या आळ्यात पाच लिटरची झारी रिकामी करावी, पाणी क्षणभर चमकून जिरलेले पाहावे आणि तासाभराने त्याच आळ्यात, मुळांना धक्का न लावता, कडेला खुरप्याने एक खळगा काढून पाहावा. हा प्रयोग मी पुष्कळदा केला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तेच दिसले आहे. वरची चार बोटे माती काळसर, गार आणि हाताला चिकटणारी असते. तिच्याखाली सुरीने कापावी तशी एक रेघ असते आणि त्या रेघेखालची माती फिकट, कोरडी आणि खुरप्याला दाद न देणारी असते. आदल्या दिवशीही पाणी घातले होते, त्याच्या आदल्या दिवशीही घातले होते, तरी रेघ तिथेच.

पाणी मातीत कसे उतरते याविषयीची आपली सर्वसाधारण कल्पना चुकीची असल्यामुळे ही रेघ पाहून आश्चर्य वाटते. थोडे पाणी घातले तर सगळी माती थोडी ओली होईल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मातीचा वरचा थर आधी स्वतःची तहान पूर्ण भागवतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेवढे पाणी कणांभोवती आणि सूक्ष्म पोकळ्यांत धरून ठेवता येते तेवढे धरतो, आणि त्यानंतर उरलेले पाणीच खालच्या थराला मिळते. अर्ध्या पाण्याने सगळी माती अर्धी भिजत नाही. अर्धीच माती पूर्ण भिजते. ओलीची सीमा अशी एखाद्या पडद्यासारखी खाली सरकते, हे गृहीत धरून ग्रीन आणि अँप्ट या दोघांनी १९११ मध्ये मातीत पाणी मुरण्याचे गणित मांडले. ते इतके साधे आणि उपयोगी आहे की जलशास्त्रात आजही वापरले जाते.

आपल्या झाडापुरते हे गणित कागदावर करून पाहता येते. ८० सेंटीमीटर व्यासाच्या आळ्याचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मीटर भरते. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरले की त्याची जाडी एक मिलिमीटर होते, म्हणून या आळ्यात पाच लिटर पाण्याचा थर १० मिलिमीटरचा होईल. पोयट्याची मध्यम माती झाडाला वापरता येईल असे पाणी आपल्या आकारमानाच्या साधारण १५ टक्के साठवते. झाडाने हा सगळा साठा संपवला असेल, तर १० मिलिमीटर पाण्याने जेमतेम सहा-सात सेंटीमीटर माती भिजेल. खुरप्याने दाखवलेली चार बोटे ती हीच. कोरड्या, उष्ण, वाऱ्याच्या दिवशी हवा जमिनीतून आणि पानांतून मिळून सहा-आठ मिलिमीटर पाणी सहज ओढून नेऊ शकते; म्हणजे आज दिलेल्या झारीचा मोठा भाग उद्यापर्यंत गेलेला असतो आणि मुळांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. याच आळ्यातील ४० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेतली तर ती २०० लिटर भरते आणि तिच्यात झाडाच्या कामाचे ३० लिटर पाणी मावते. साठा अर्ध्यावर आल्यावर तो पुन्हा भरायचा म्हटले तर एका वेळी १५ लिटर लागतात. तीन दिवस रोज पाच लिटर आणि तिसऱ्या दिवशी एकदम १५ लिटर, या दोन्हींत पाणी तेवढेच खर्च होते, पण दुसऱ्या पद्धतीत ते हातभर खाली पोचते.

हातभर हा शब्द मी मोजून वापरतो आहे. ‘खोल पाणी द्या’ हा सल्ला ऐकून काही जण झाडाशेजारी मीटरभर खोल पाइप पुरतात आणि त्यातून पाणी सोडतात. झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, या समजुतीतून ही कल्पना आलेली दिसते. पण बहुतेक झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या ३० ते ६० सेंटीमीटर मातीतच असतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि हवा वरून येते. कोवळ्या झाडाची मुळे तर याहूनही उथळ असतात. त्यांच्याखाली सोडलेले पाणी आणखी खाली निघून जाते. मातीतील केशाकर्षणाने ते थोडेफार वर चढते, पण त्यावर झाड जगवता येत नाही.

मुळे पाण्याच्या शोधात कोरड्या मातीतून दूरवर जातात, हाही एक लाडका समज आहे. मूळ आपल्या टोकाशी असलेल्या ओलीला प्रतिसाद देते, पण कोरड्या ठणठणीत मातीपलीकडचा ओलावा त्याला दुरून कळत नाही. एकाच मुळाची एक बाजू ओल्या पृष्ठभागाला आणि दुसरी हवेला लागलेली असेल, तर उपमुळे ओल्या बाजूनेच फुटतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. म्हणून ‘पाणी तोडले की मुळे आपोआप खोल जातील’ हे म्हणणे अर्धवट आहे. मुळे खोल जावीत असे वाटत असेल तर ओल आधी तिथे पोचवावी लागते. वरची चार बोटेच ओली राहिली तर मुळेही तिथेच गर्दी करतात, आणि नेमका तोच थर उन्हाने सर्वांत जास्त तापतो व सर्वांत आधी सुकतो.

खोलीचा प्रश्न असा सुटला तरी सावकाशीचा उरतो. माती पाणी किती वेगाने पिते, हे तिच्या पोतावर ठरते. रेताड जमिनीत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते, पोयट्यात १० ते २०, आणि भारी चिकणमातीत एक ते पाच. आपल्या आळ्यात २० लिटर, म्हणजे ४० मिलिमीटर पाणी मुरवायचे असेल, तर पोयट्याला दोन ते चार तास आणि चिकणमातीला किमान आठ तास हवेत. नळीने ते दोन मिनिटांत ओतले, तर उतारावर ते वाहून जाते आणि जोराच्या धारेने वरच्या मातीची ढेकळे फुटून बारीक कण पोकळ्यांत बसतात व पापुद्रा धरतो. फार दिवस सुकलेली, पालापाचोळ्याने भरलेली माती तर सुरुवातीला पाण्याला अक्षरशः झिडकारते, कारण सेंद्रिय पदार्थांचे मेणचट लेप कणांवर चढलेले असतात. अशा मातीवर आधी थोडे पाणी शिंपडून अर्धा तास थांबावे लागते. भारी जमिनीला भेगा पडलेल्या असतील तर उलटाच प्रकार होतो. एकदम सोडलेले पाणी भेगांतून सरळ तळाला जाते आणि मधली ढेकळे कोरडीच राहतात. पाणी संथ दिले की ढेकळे फुगतात, भेगा मिटतात आणि मग ओल सगळीकडून सरकू लागते.

सपाट जमिनीवरचे, बोटभर उंच काठाचे आळे ही संथ पाण्याची जुनी युक्ती आहे, कारण आळे पाण्याला धरून ठेवते आणि माती आपल्या गतीने पिते. आळे जमत नसेल तिथे तळाशी छिद्र पाडलेली बादली उत्तम काम देते. २० लिटरच्या बादलीला दोन मिलिमीटरचे एकच छिद्र पाडले, तर ती रिकामी व्हायला दोन-सव्वादोन तास लागतात. पाण्याची पातळी उतरते तसा दाब घटतो आणि धार बारीक होत जाते. हा बादलीचा दोष वाटेल, पण मातीची पिण्याची गतीही भिजत जाताना अशीच मंदावते, त्यामुळे दोघांचे छान जमते. ठिबकच्या तासाला चार लिटरच्या दोन तोट्या अडीच तास चालवल्या तरी तेवढेच पाणी मिळते. न झिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवण्याची पद्धत याहून हुशार म्हणावी लागेल: बाहेरची माती सुकली की तिचे शोषण वाढते आणि मडके जास्त पाझरते, माती ओली झाली की पाझर आपोआप मंदावतो.

कोवळ्या झाडाची एक अडचण मोठ्या झाडाला नसते. पिशवीतून किंवा कुंडीतून आलेल्या रोपाची सगळी मुळे पहिले काही आठवडे त्या छोट्या हुंडीतच, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यातच असतात. हुंडीचे मिश्रण बहुधा भुसभुशीत असते आणि भोवतालची माती बारीक कणांची. बारीक पोकळ्या पाणी अधिक जोराने धरतात, त्यामुळे आळे ओलेचिंब असूनही मधली हुंडी कोरडी राहू शकते. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी थेट हुंडीवर आणि जवळजवळ रोज, पण थोडे, द्यावे लागते. इथे ‘खोल आणि क्वचित’ हा नियम लागू करणे म्हणजे रोप मारणे होय. त्यानंतर साधारण तीन महिने दोन-तीन दिवसांआड आणि पुढे आठवड्याला एकदा, असे अंतर वाढवत नेता येते. रेताड जमिनीत हे अंतर कमी आणि पाणीही थोडे, भारी जमिनीत दोन्ही जास्त.

पाणी कमी पडले की झाडाच्या आत काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. स्टीफन हेल्स यांनी कुंडीतले सूर्यफुलाचे झाड रोज तोलून, ते दिवसाच्या बारा तासांत सरासरी ५७० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडते, असे १७२७ मध्ये नोंदवले. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच पर्णरंध्रांतून निघून जाते. ते वर चढते ते ढकलल्यामुळे नव्हे, तर ओढल्यामुळे. पानांतून एकेक रेणू निसटतो आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे खोडातला सगळा स्तंभ ताणला जातो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेला हा विचार आज सर्वमान्य आहे. माती सुकत जाते तसा हा ताण वाढतो आणि एका मर्यादेनंतर स्तंभ तुटून जलवाहिनीत बुडबुडा शिरतो. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडाच्या पानांवर संवेदक लावून हे तुटणे टक् टक् असे ऐकले. पान वरून हिरवे दिसत असतानाही आतल्या वाहिन्या एकेक करून निकामी होत असतात; म्हणून पाने माना टाकेपर्यंत थांबणे महागात पडते.

माना टाकणे ही खूणही फसवी आहे. दुपारी मलूल झालेले झाड संध्याकाळी सावरले, तर ते मागणी-पुरवठ्याचे तात्पुरते अंतर असते. सकाळीही मलूल दिसले, तर मात्र मुळांशी गडबड आहे. ती गडबड पाणी जास्त झाल्याचीही असू शकते. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट मंद पसरतो, त्यामुळे मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, शोषण थांबते आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजते. अशा वेळी धांदलीने आणखी पाणी ओतले जाते. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द या बाबतीत फार नेमका आहे: ओल आणि हवा दोन्ही मुळांना मिळतील अशी मातीची अवस्था. दोन पाण्यांमधले अंतर हे वाफसा येण्यासाठीच ठेवायचे असते.

पाने पाहून निदान करण्यापेक्षा बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई अधिक खरे बोलते. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, हुंडी टाळून, ती हाताच्या जोराने मातीत दाबावी. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड लागली की थांबते. वर काढून मोजले की ओल कुठवर पोचली ते कळते. दोन विती गेली तर पाणी पुरेसे होते, एक वीतही गेली नाही तर पुढच्या वेळी वाढवावे. आळ्यावर वाळलेल्या पानांचे किंवा काडीकचऱ्याचे पाच ते दहा सेंटीमीटर आच्छादन घातले की हीच ओल कितीतरी जास्त दिवस टिकते, फक्त ते खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर बुंधा सतत दमट राहून कुजतो.

झाड जसे वाढते तसे आळेही रुंद करावे लागते, कारण मुळे फांद्यांच्या घेराबाहेर कधीच गेलेली असतात आणि बुंध्याशी ओतलेले पाणी त्यांना उपयोगी पडत नाही. पहिल्या वर्षी ८० सेंटीमीटरचे असलेले माझे एक आळे दुसऱ्या वर्षी सव्वा मीटरचे झाले, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट वाढले आणि एका वेळचे पाणीही त्याच हिशेबाने वाढवावे लागले, मात्र पाळी तीन दिवसांवरून दहा दिवसांवर गेली.