कोकोपीट आणि कंपोस्ट: पाणी धरणारे आणि पोसणारे

गच्चीवर हिरवे छत किंवा भिंतीवर उभी बाग करणाऱ्यांना कंपोस्ट समजावून सांगण्याची गरज नाही. ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून ते अनेकांनी घरीच केलेले असते. घोळ होतो तो कोकोपीटचा. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा दाबून केलेली पाच किलोची वीट ‘नारळाचे खत’ म्हणून सर्रास विकली जाते आणि घेणाराही ती खत समजूनच कुंड्यांत रिकामी करतो. ते खत नव्हे.

वास, रंग, किंमत हे फरक किरकोळ आहेत. कोकोपीट हलके असते, हेही कोरडे असेपर्यंतच खरे. ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरत असल्याने गच्चीवरील भाराचा हिशेब भिजलेल्या वजनावरच करावा.

खरी मेख अन्नद्रव्यांत आहे. कंपोस्टमधील नत्र सूक्ष्मजीव हळूहळू मोकळे करतात आणि तो मुळांना मिळत राहतो. कोकोपीटमध्ये लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा चिवट घटक) भरपूर आणि नत्र नगण्य, त्यामुळे ते फार सावकाश कुजते, पण झाडाला पोसत नाही. उलट प्रक्रिया न केलेले कोकोपीट झाडाच्या वाट्याचेच अडवते: त्याच्या कणांना सोडियम व पोटॅशियम चिकटलेले असते आणि खतातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आले की कण ते धरून ठेवतात व बदल्यात सोडियम-पोटॅशियम मुळांपाशी सोडतात. ‘पाणी नितळ येईपर्यंत धुवा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. धुताना निघणारा तपकिरी रंग टॅनिन या तुरट द्रव्याचा. तो गेल्याने क्षार गेल्याचे सिद्ध होत नाही. साध्या पाण्याने मोकळे क्षार निघून जातात, कणांना चिकटलेले हटवायला कॅल्शियम लागते. त्यासाठी कोकोपीट एक दिवस-रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून मग धुवावे, किंवा ‘बफर्ड’, म्हणजे हीच प्रक्रिया आधी केलेला, माल घ्यावा. पाकिटावरचे ‘लो ईसी’ (कमी विद्युतवाहकता) मोकळे क्षार कमी असल्याचे सांगते, त्याहून अधिक काही नाही.

भिंतीवरच्या कप्प्यांत निव्वळ कोकोपीट भरले की परिणाम पानांवर दिसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्राची उपासमार आहे. जुनी पाने हिरवीगार असून कोवळ्या पानांच्या कडा करपत, वळत असतील, तर कॅल्शियमचा संशय घ्यावा. दोन्ही वेळा लोक पाणी वाढवतात आणि उरलासुरला नत्रही वाहून जातो.

निव्वळ कंपोस्टचा आग्रहही मला पटत नाही. ते कुजत जाते, थर खचतो आणि पावसाळ्यात गच्च बसून मुळांची हवा तोडते. जर्मनीतील उथळ हिरव्या छतांच्या मिश्रणात सेंद्रिय भाग थोडा आणि लाव्हा, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचा चुरा जास्त असतो, तो याच कारणाने. आपल्याकडे पाडकामातल्या विटांचा चुरा सहज मिळतो. छतासाठी मी अर्ध्याहून अधिक भाग तोच घेईन, मात्र सिमेंट-चुन्याचे तुकडे वेचून काढल्यावर, कारण त्यांनी मिश्रण अल्कधर्मी होते. उभ्या बागेच्या कप्प्यांसाठी बफर्ड कोकोपीट व कंपोस्ट समसमान आणि थोडी भाताची तुसे. दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर, वरून कंपोस्टचा बोटभर थर द्यावा. कोकोपीटची भर तेव्हा घालण्याचे कारण नसते.